दगडाला नाव असतंच, दुकानाला द्यावं लागतं

नाव सुचवा म्हणणारा माणूस बहुधा स्वतःची यादी खिशात घेऊनच येतो. माझा भाचाही तशी घेऊन आला. बांधकामाचा दगड विकायचं त्यानं ठरवलं होतं. फरश्या, पायऱ्या, ओट्यांचे स्लॅब, भिंतींवर लावायच्या लाद्या, असा सगळा माल. आयुष्यभर जाहिरातींचा मजकूर लिहीत आलेला मामा घरातच आहे म्हटल्यावर नाव आणि नावाखालची ओळ फुकटात होईल, हाही हिशोब त्यात होताच. यादी न बघता मी ती म्हणून दाखवली असती. अचल, अढळ, वज्र, मेरू, ‘रॉक’ला जोडलेलं काहीतरी, ‘रॉयल’ला जोडलेलं काहीतरी. खालच्या ओळीसाठी ‘पिढ्यान्‌पिढ्या’, ‘निसर्गाची देणगी’ आणि अर्थातच ‘गुणवत्ता आणि विश्वास’.

यातलं काही चूक नव्हतं. अडचण एवढीच, की दगड विकणाऱ्या प्रत्येकाला हे लागू पडतं आणि न विकणाऱ्यालाही बऱ्यापैकी पडतं. ‘अढळ’ या नावानं विमा विकता येतो, कुलपं विकता येतात, गुडघ्याला बांधायचा पट्टासुद्धा विकता येतो.

पण त्याच्या यादीमुळे मला या धंद्यातली एक गंमत नीट दिसली. साबणाचं, पंख्याचं, रंगाच्या डब्याचं नाव कंपनी ठेवते आणि माल त्या नावानंच बाजारात येतो. दगड मात्र दुकानात येतो तोच नाव घेऊन. गिऱ्हाईक मकराना मागतं, कोटा मागतं, जैसलमेरचा पिवळा मागतं, इटलीचा करारा मागतं. ही सगळी गावांची नावं. ट्रॅव्हर्टाइन हा शब्दसुद्धा मुळात गावाचाच. रोमजवळच्या तिबूरचा, म्हणजे आजच्या तिवोलीचा दगड. कलोसियम त्याच्यानंच बांधलं. मकरान्याच्या संगमरवराला तर २०१९ साली भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जागतिक वारसा-दगड म्हणून मान्यता दिली. एवढ्या थोर नावांच्या शेजारी भाच्याच्या दुकानाची पाटी लागणार होती. तिनं कितीही मोठ्यानं ‘वज्र’ म्हटलं तरी गिऱ्हाइकाच्या तोंडात नाव दगडाचंच राहणार.

मग गावाचंच नाव घेऊन टाकावं का? भाच्याला मोह झाला होता. पण खाण उद्या बंद पडते, फॅशन बदलते, आणि तोच दगड समोरचाही विकतो. शिवाय दुसऱ्याच्या खाणीचं नाव आपल्या पाटीवर लावलं, तर जाहिरात त्या खाणीची होते. हा मुद्दा लवकर मिटला.

दगडाच्या नावाची सगळ्यात भारी कमाई कुणी केली हे पाहिलं, तर उत्तर जरा खट्याळ आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, पोर्टलंड नावाचं बेट आहे. तिथला फिकट चुनखडीचा दगड फार मानाचा. लंडनच्या मोठ्या आगीनंतर वास्तुविशारद क्रिस्टोफर रेननं सेंट पॉल कॅथीड्रल उभारलं ते याच दगडात. पुढे १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्यानं चुनखडी आणि चिकणमाती भाजून एक पूड तयार केली आणि तिचं पेटंट घेतलं. पेटंटाच्या शीर्षकात शब्द होते ‘कृत्रिम दगड’. पण त्या मालाला त्यानं नाव दिलं पोर्टलंड सिमेंट. का, तर घट्ट झाल्यावर ते पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून! बेटावरून एक खडा न उचलता त्यानं बेटाचं नाव उचललं. आज जगभर पोर्टलंड म्हटलं की लोकांना सिमेंटचं पोतं आठवतं. आणि घडीव दगडाची बांधकामातली जागा बळकावली ती याच पोत्यानं. दगडाच्या धंद्यातलं सर्वांत यशस्वी नाव दगडाच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेलं. नाव ठेवणारा म्हणून मी अ‍ॅस्पडिनला मनोमन दाद देतो. दगडवाल्यांच्या बाजूनं पाहिलं तर मात्र जरा राग येतो.

तेव्हापासून मी भाच्याच्या यार्डात जाऊन बसू लागलो. लोखंडी चौकटींना टेकवून ठेवलेले स्लॅब आणि त्यांच्या कडेवर खडूनं लिहिलेली नावं. ‘ब्लू पर्ल’, ‘अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक’, ‘सुपर व्हाइट’. एकेक वाचत गेलं की लक्षात येतं, इथे आपल्याआधी बरेच नाव ठेवणारे येऊन गेलेत आणि त्यांनी हात सैल सोडलाय.

‘ब्लू पर्ल’ घ्या. नॉर्वेच्या लार्विक गावाजवळचा हा दगड. भूशास्त्रात त्याचं नाव लार्विकाइट. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या मोठ्या स्फटिकांमुळे ती निळी-रुपेरी झाक खेळते. बाजारात तो ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ नावाखाली विकले जाणारे दगड बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट हे वेगळेच खडक असतात. शास्त्राच्या व्याख्येत ग्रॅनाइटच्या फिकट खनिजांमध्ये निदान २० टक्के तरी क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं खनिज, लागतं, आणि या काळ्या दगडांमध्ये ते नावालाच. बाजाराची व्याख्या सैल आहे. कठीण, दाणेदार आणि चांगलं पॉलिश घेणारा दगड म्हणजे ग्रॅनाइट. तसंच जे मऊसर आहे आणि चकाकतं ते मार्बल. राजस्थानातला हिरवा सर्पेंटाइन परदेशात ‘व्हर्दे ग्वाटेमाला’ म्हणून खपतो. ग्वाटेमालाचा त्याच्याशी काय संबंध, हे ते नाव ठेवणाऱ्यालाच विचारायला हवं.

“पण मामा, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो? त्याला रंग आवडला की झालं,” भाचा म्हणाला.

फरक पडतो, आणि तो चांगलाच खर्चिक पडतो. त्या हिरव्या सर्पेंटाइनला मार्बल समजून गवंड्यानं ओल्या मसाल्यात बसवला, तर लादी पाणी पिऊन वाकू शकते. कोपरे वर उचलतात. त्याला पाणी नसलेलं, इपॉक्सीसारखं चिकटवण लागतं. पण लादीवर ‘मार्बल’ लिहिलेलं असताना गवंड्याला हे कळणार कसं? ‘सुपर व्हाइट’ची कथा याहून वाईट. तो क्वार्ट्झाइट म्हणून विकला जातो. क्वार्ट्झाइट म्हणजे कठीण. तो जवळजवळ सगळा क्वार्ट्झचा, आणि कठीणपणाच्या एक ते दहा अशा मोजपट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७, काचेवर सहज ओरखडा काढतो, आणि लिंबाच्या रसानं त्याला काही होत नाही. प्रत्यक्षात त्या नावाचे पुष्कळ स्लॅब डोलोमाइटी संगमरवर निघतात. ओट्यावर लिंबू सांडलं की पॉलिश उडून फिक्कट डाग उमटतो, आणि हा डाग पुसून जात नाही. गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा दिला. माल खराच असतो, खोटं असतं ते नाव.

युरोपात यावर एक मानकच आहे, ईएन १२४४०. दगडाचं नाव सांगायचं तर पारंपरिक नाव, खडकाचं कूळ, ठरावीक रंग आणि उगमाचं ठिकाण असं चारही सांगावं, असं ते म्हणतं. मला हे वाचून आनंद झाला. नाव, कूळ, रूप, गाव. स्थळ बघायला जाणारी माणसंही एवढंच विचारतात.

इथून पुढे दुकानाच्या नावाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. दगड बनवायला काही कोटी वर्षं लागली, त्यात दुकानदाराचा हात नाही. तो टिकाऊ आहे, सुंदर आहे, नैसर्गिक आहे, यातलं काहीच दुकानदाराचं कर्तृत्व नाही. मग तो करतो काय? ब्लॉकमधून कापलेल्या एका लॉटच्या लाद्या एकत्र ठेवतो. कुठला दगड कुठे चालेल आणि कुठे मुळीच चालणार नाही हे सांगतो. तुटलेली बदलून देतो. कापून, कडा घडवून, जागेवर पोचवतो. नाव या कामातून यायला हवं होतं, आणि यादीतलं प्रत्येक नाव दगडाच्या गुणांवर फुकटचा हक्क सांगत होतं.

मला ‘घडीव’ हे नाव फार आवडलं होतं. जोडाक्षर नाही, उच्चारायला सोपं, मालाला माणसाचा हात लागलाय हे सांगणारं. पण मालाचं निव्वळ वर्णन करणारं नाव व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, म्हणून नोंदवणं अवघड जातं. घडीव दगड विकणाऱ्यानं ‘घडीव’ एकट्याच्या मालकीचं करायचं म्हटलं तर बाकीच्या दगडवाल्यांनी काय म्हणायचं? व्यापारचिन्हांसाठी नीस वर्गीकरण नावाची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, १९५७ च्या करारातली. तीत धातू सोडून बाकीचं बांधकाम-साहित्य १९व्या वर्गात येतं आणि किरकोळ विक्रीची सेवा ३५व्या. नाव आधीच कुणी घेतलंय का, याचा शोध दगड विकणाऱ्यानं दोन्ही वर्गांत घ्यावा. बरेच जण एकातच घेतात आणि नंतर हरकतीचं पत्र येतं. ‘घडीव’ तिथेच सोडावं लागलं. अजूनही जीव हळहळतो.

‘शिळा’ हा शब्दही मला आवडतो. भारदस्त आहे, जुना आहे, पाटीवर शोभतो. त्यावर भाचेसुनेनं एकच केलं. “नवीन माल, शिळा,” असं मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढे चर्चा झाली नाही.

ती दुकानाचा फोन घेणार होती, त्यामुळे तिची परीक्षा माझ्या परीक्षेपेक्षा कडक होती. प्रत्येक नाव ती फोनवर बोलल्यासारखं म्हणायची आणि पलीकडचा माणूसही स्वतःच व्हायची. “हॅलो, अचल.” “कोण, अंचल?” “अचल हो, अचल.” “चंचल?” ट्रकच्या हॉर्नमध्ये, कटिंगच्या यंत्राच्या आवाजात जे नाव एका दमात पोचत नाही ते तिनं खोडलं. माझी परीक्षा दुसरी होती. नाव दगडात कोरून बघायचं. दगड विकणाऱ्याची पाटी प्लास्टिकची असली तर काय उपयोग? कोरताना कळतं की ‘दृढ’मधला ऋकार, ‘ऐश्वर्य’मधली जोडाक्षरं किती त्रास देतात. वाळूच्या फवाऱ्यानं कोरायचं असेल तर रबराचा छाप चिकटवतात. त्यातले लहान सुटे तुकडे, म्हणजे अक्षरांच्या पोटातले, फवाऱ्यानं उडून जातात. मोठ्या दाण्याच्या ग्रॅनाइटमध्ये बारीक रेघ काढली तर स्फटिकच निखळतो. साधी, मोकळी अक्षरं असलेलं नाव दगड खुशीनं घेतो.

‘मार्बल’ किंवा ‘ग्रॅनाइट’ नावात असूच नये, यावर मी अडून बसलो. एक तर उद्या स्लेट नाहीतर सँडस्टोन विकायचा झाला की नाव आड येतं. दुसरं म्हणजे कृत्रिम क्वार्ट्झ. नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी राळ, असा तो स्लॅब. दुकानात तो ‘क्वार्ट्झ’ म्हणून, क्वार्ट्झाइटच्या शेजारी उभा असतो, आणि दोघांत फक्त दोन अक्षरांचं अंतर. तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत जाऊन इतके आजार झाले, की ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. तो विकावा की नाही हा भाच्याचा प्रश्न. पण विकायचा तर काय म्हणून विकायचा, हा आमच्या पाटीचाही प्रश्न होता.

शेवटी नाव राहिलं ‘जोतं’. घर ज्याच्यावर उभं राहतं तो दगडी चौथरा. कुठल्या खाणीशी बांधलेलं नाही, कठीणपणाची बढाई नाही, फोनवर कळतं, कोरायला सोपं, वरचा अनुस्वार तर ड्रिलनं पडतो. भाच्याची शंका होती की तरुण पोरांना शब्द माहीत नसेल. नसू दे. माहीत नसलेलं नाव ऐकणारा विचारतो तरी, माहीत असलेल्या ‘रॉयल’बद्दल कोण विचारतंय?

ओळीचं काम जड गेलं. नावाला अर्थ कमी असला तरी चालतो, ओळीला काहीतरी म्हणावंच लागतं.

दगडाबद्दल लिहिलेली सर्वांत गाजलेली ओळ हिऱ्याची आहे. १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी नावाच्या जाहिरात-लेखिकेनं डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी लिहिलेली, हिरा कायमचा असतो अशा अर्थाची. १९९९ मध्ये अ‍ॅडव्हर्टायझिंग एज या नियतकालिकानं तिला शतकातली सर्वोत्तम ओळ ठरवलं. ती खडकाबद्दल नाही, लग्नाबद्दल आहे, म्हणून ती चालली. ‘कायमचा’ हा शब्द फरशीला लावला की मात्र तो फक्त खडकाबद्दलचा दावा उरतो. आणि तो दावा खोटा पडल्याची उदाहरणं चांगली उंच आहेत.

शिकागोत १९७३ च्या सुमारास एका तेल कंपनीची ८३ मजली इमारत पूर्ण झाली. तिला वरपासून खालपर्यंत करारा गावच्या पांढऱ्या संगमरवराच्या सुमारे ४३ हजार पातळ लाद्या लावल्या होत्या. काही वर्षांत त्या बाहेरच्या बाजूला फुगून वाकू लागल्या. १९९० ते १९९२ या काळात सगळ्या उतरवून त्या जागी ग्रॅनाइट लावावा लागला. हेलसिंकीत वास्तुविशारद आल्वार आल्तोचं फिनलंडिया सभागृह १९७१ साली असंच कराराच्या लाद्यांनी मढवलं, त्याही वाकल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुन्हा करारा लावला, तोही वाकला, आणि अलीकडच्या नूतनीकरणात दुसऱ्यांदा संगमरवर बदलला. कारण संगमरवरातल्या कॅल्साइटच्या स्वभावात आहे. ऊन लागलं की त्याचा स्फटिक एका दिशेनं फुगतो आणि आडव्या दिशेनं किंचित आक्रसतो. शेजारचे दाणे एकमेकांना ढकलतात, सैल होतात, आणि थंडीत पूर्ववत जागेवर बसत नाहीत. जाड चिरा हे सोसतो. पातळ लादीला ते जमत नाही. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या देवळाचा दाखला देऊन आपण तीन सेंटीमीटरची लादी विकतो, तेव्हा हा फरक सांगायचा राहून जातो.

त्यामुळे ‘कायमचा’, ‘पिढ्यान्‌पिढ्या’, ‘चिरंतन’ हे सगळं मी काढून टाकलं. भाच्यानं मध्येच ‘काळ्या दगडावरची रेघ’ सुचवलं. म्हण म्हणून झकास. पण पॉलिश केलेल्या काळ्या स्लॅबवर रेघ दिसली तर गिऱ्हाईक तो परत पाठवतं, हे त्याला आठवण करून द्यावं लागलं. हसून झाल्यावर आम्ही ओळींची परीक्षा घेऊ लागलो. ओळ उलटी करून बघायची. ‘गुणवत्ता आणि विश्वास’ उलटं केलं तर ‘निकृष्टता आणि दगाफटका’. असं कुणीच पाटीवर लिहिणार नाही, म्हणजे मूळ ओळीनंही काही सांगितलेलं नाही. जिची उलट बाजू बाजारात प्रत्यक्ष चालू आहे, तीच ओळ कामाची. यार्डात बसून उलट बाजू तर आम्ही रोज बघत होतो.

‘दगड, खऱ्या नावानं.’

लिहिल्यावर भाचा गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, ही ओळ मला महागात पडेल.” बरोबर होतं त्याचं. ही ओळ लावली की पुरवठादाराच्या बिलावरचं ‘इम्पोर्टेड ग्रॅनाइट’ जसंच्या तसं पुढे ढकलता येत नाही. खाण कुठली, खडक कुठला, हे विचारावं लागतं. काही पुरवठादार सांगतात, काही हसतात. शेजारच्या दुकानदारांना टोमणा लागेल ही भीतीही खरी होती, कारण टोमणा होताच. भाचेसुनेनं मात्र लगेच चिठ्ठीचा नमुना काढला. वर मोठ्या अक्षरात बाजारातलं नाव, खाली खडकाचं कूळ आणि उगम, आणि शेवटी कुठे वापरू नये. ही शेवटची ओळ तिनं स्वतःहून घातली. माझ्या मते आख्ख्या दुकानातला तोच सर्वांत चांगला मजकूर आहे.

ज्यांचं कूळ कळत नाही अशा स्लॅबसाठी भाच्यानं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि काचेचा तुकडा ठेवलाय. थेंब टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. डोलोमाइट असेल तर आधी जरा खरवडून भुकटी करावी लागते, मग हळू फसफसतं. काचेवर ओरखडा काढला तर क्वार्ट्झाइटची शक्यता. हे प्रयोग करताना तो दगडाच्या इतका नादी लागला, की गिऱ्हाइकासमोरही करून दाखवतो. त्याच्याकडच्या ‘सुपर व्हाइट’च्या एका लॉटची चिठ्ठी ‘डोलोमाइटी संगमरवर, ओट्याला नको’ अशी बदलली, आणि तो लॉट भिंतींसाठी गेला. थोडा उशिरा गेला, पण परत आला नाही.

भांडण झालं ते पाटीवरच्या तिसऱ्या ओळीवरून. काय विकतो हे लिहायला तर हवं. भाच्यानं लिहिलं ‘मार्बल व ग्रॅनाइट’. भाचेसून म्हणाली, “वर खऱ्या नावानं लिहायचं आणि खाली गॅब्रोला ग्रॅनाइट म्हणायचं?” मी दोघांकडे बघत होतो. बाजारात सैल अर्थानं तो शब्द मान्य आहे, असं मी म्हणून पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुद्दा मागे घेतला. शेवटी तिनंच पाटीवरून खडक काढून टाकले आणि जागा लिहिल्या. फरशी, पायऱ्या, ओटे, भिंती. गिऱ्हाइकाला नाहीतरी तेच हवं असतं.

इंटरनेटवरच्या नोंदीत मात्र भाच्यानं ‘मार्बल ग्रॅनाइट’ घातलंच आहे. लोक शोधताना हेच शब्द टाइप करतात म्हणे. भाचेसुनेला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.